धुण्याचा दगड, रिठ्याचा फेस आणि चौदसची सुट्टी



घराचा इतिहास सांगायला बसलं की आपण काय सांगतो? कुणाचं वर्षीतप कधी झालं, संघ शिखरजीला कधी गेला, कुणाच्या लग्नात किती तोळे घातले. दुकानाच्या जुन्या चोपड्या उघडल्या तर गुळाचा आणि तांदळाचा भाव आण्या-पैशासकट मिळतो. पण घरातल्या बायकांचे रोजचे दोन-तीन तास ज्या कामात गेले, त्या धुण्याबद्दल कुठे एक ओळ सापडत नाही. धुणं वाळलं, घडी झाली, कपाटात गेलं, आणि त्याच्यामागचे कष्टही तिथेच मिटले. म्हणून आज आपल्या रायगडच्या किनारपट्टीवरच्या, म्हणजे अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनकडच्या धुण्याबद्दल लिहिते आहे. थोडं आजी आणि मोठ्या काकूंकडून ऐकलेलं, थोडं पाहिलेलं, आणि थोडं जिल्ह्याच्या इतिहासातलं.

आधी पाणी

अलिबाग-चौलच्या या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि प्रत्येक वाडीत विहीर. वाडीला पाणी रहाटाने जायचं, पण घरचं पाणी पोहऱ्याने आणि दोराने बाईच ओढायची. समुद्र जवळ असल्याने सगळ्या विहिरी सारख्या नसत. एखादीचं पाणी गोड, तर शंभर पावलांवरचीचं मचूळ. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेलं की गोड विहिरीही मचूळ लागायच्या. मग गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, मचूळ पाणी धुण्याला, अशी वाटणी होई.

मचूळ पाण्यात साबण फाटतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कारण असं, की जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून एक चिकट साका तयार करतात. फेस येत नाही, साबण संपत जातो आणि तो साका कपड्यावर करडा थर होऊन बसतो. पांढरं लुगडं चार धुण्यांत मळकट दिसायला लागलं तर दोष बाईच्या हाताला लावला जायचा. खरा दोष विहिरीच्या पाण्याचा असे.

आपल्या घरांत यात आणखी एक पायरी होती. पाणी पिण्याचं असो की धुण्याचं, दुहेरी जाड गळण्यातून गाळल्याशिवाय वापरायचं नाही. गळण्यावर राहिलेला संखारो त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडायचा, कारण एका विहिरीचे जीव दुसऱ्या पाण्यात जगतीलच असं नाही. शिवाय साबणाचं किंवा खाराचं पाणी विहिरीच्या काठावर सांडायचं नाही. धुण्याचा दगड विहिरीपासून दूर, उताराला. तिथून वाहणारं पाणी केळीला, अळूला.

आता हिशेब करून पाहा. दहा माणसांच्या घरात धुण्याला पंधरा ते वीस पोहरे पाणी लागे. विहिरीचं पाणी वीस फुटांवर असेल, तर वीस पोहऱ्यांना रोज चारशे फूट दोर ओढायचा. महिन्याला बारा हजार फूट, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून जास्त. हा फक्त धुण्याचा दोर. पिण्याचं, आंघोळीचं, भांड्यांचं पाणी वेगळंच.

बालदी, पिंप आणि इस्त्री

चौल-रेवदंड्यावर १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. रेवदंड्याचा कोट अजून उभा आहे. त्यांची सत्ता गेली, पण त्यांचे शब्द आपल्या मोरीत राहिले. बालदी, पिंप, घमेलं हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. कपड्याच्या गुंडीचं काज आणि इस्त्री हे शब्दही तिकडचेच मानले जातात. साबण हा शब्द कुणी पोर्तुगीज म्हणतात, कुणी अरबी. तो समुद्रावरून आला एवढं नक्की.

एक शब्द मात्र उलट गेला. आपली नीळ अरबांकडून पोर्तुगालपर्यंत पोचली आणि तिकडे तिचं 'अनिल' झालं. पांढऱ्या कपड्याला नीळ देण्याचं कारण सोपं आहे. जुनं सुती कापड पिवळसर होतं, आणि किंचित निळी झाक दिली की डोळ्यांना ते पांढरं दिसतं. आधी ही नीळ झाडाची असे, पुढे कारखान्यात केलेल्या निळ्या रंगाची पूड आली.

राख, रिठा, खार

साबण येण्याआधी कपडे निघायचे कशाने? पहिली, चुलीतली राख. आपल्याकडे जळणात नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या असत. सोडणांच्या राखेत पोटॅशचा खार भरपूर असतो. चाळलेली राख पाण्यात ढवळून ठेवायची, खाली बसू द्यायची, आणि वरची निवळ ओतून घ्यायची. ही निवळ तेलकट कपड्याला लावली की खार आणि तेल मिळून थोडा साबणच तयार होतो. मात्र हाताची सालही तितकीच निघते. दुसरा, धुण्याचा सोडा. मळकट चादरी आणि पंचे सोड्याच्या पाण्यात उकळून काढायचे. परटाची भट्टी याच तत्त्वावर चाले.

तिसरा रिठा. रेशीम, लोकर, जरीकाठ यांना खार चालत नाही, धागा खराब होतो. त्यासाठी रिठे फोडून, बिया काढून, सालं कोमट पाण्यात तासभर ठेवून चोळायची. रिठ्याचा फेस मचूळ पाण्यातही साबणासारखा फाटत नाही. देरासरात पूजेला नेसायची रेशमी वस्त्रं घरात रिठ्यानेच धुतली जायची. बिया आम्हा मुलांना खेळायला. अलिबागच्या माहेरी रिठ्यांची बरणी मिठाच्या बरणीशेजारी असे.

मग साबण आला, आणि त्याच्याबरोबर आपल्या घरांत एक प्रश्नही आला. लीव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ मध्ये हिंदुस्थानात उतरला. त्या काळी साबण करताना जनावरांची चरबी सर्रास वापरली जाई. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय घेत नाहीत, तिथे चरबीचा साबण अंगाला आणि पूजेच्या वस्त्राला कसा लावायचा? हा प्रश्न आपल्या बायकांचा होता, तसा इतर शाकाहारी घरांतल्या बायकांचाही होता. त्याला मुंबईत उत्तर मिळालं. अर्देशीर गोदरेज यांनी चरबी न वापरता वनस्पती तेलांपासून साबण केला. १९१८ मध्ये त्यांचा 'चावी' हा धुण्याचा साबण आला आणि पाठोपाठ अंगाचा साबण. ते स्वदेशीचे दिवस होते. रवींद्रनाथ ठाकुरांनीही या साबणाची शिफारस केली होती. कुलपं आणि तिजोऱ्या करणाऱ्या एका पारशी गृहस्थाने अहिंसा पाळणाऱ्या घरांची अडचण सोडवली, हे आपण आठवणीत ठेवायला हवं. डब्यावरची अक्षरं वाचून वस्तू घेण्याची आपली सवय आजची नाही.

दगड, पिळा, वलण

धुण्याचा दगड काळ्या पाषाणाचा, एका बाजूला उतरता. कपडा भिजवायचा, खार किंवा साबण लावायचा, आपटायचा किंवा धोपटण्याने धोपटायचा, दोन पाण्यांतून हिसळून काढायचा आणि पिळायचा. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून लांब सुती कापड. ते भिजलं की आपल्या वजनाहून जास्त पाणी धरून बसतं. एकटीने पिळलं तर मनगट जाई. म्हणून जावा-जावा समोरासमोर उभ्या राहून दोन टोकं उलट दिशांना पिळायच्या. मोठ्या काकू म्हणायच्या, "ज्या जावेशी बोलणं बंद, तिच्याशीही पिळ्यापुरतं बोलावंच लागायचं."

पांढऱ्या कपड्यांना भाताच्या पेजेची खळ. इस्त्री नसेल तर पितळी तांब्यात निखारे घालून तो कापडावरून फिरवायचा. वाळत घालायला आढ्याला टांगलेली बांबूची वलण. लुगडं काठीने उचलून वर टाकायचं आणि काठीनेच पसरायचं. सोवळ्याचं असेल तर ते वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही.

पावसाळा आला की या सगळ्याची परीक्षा असे. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यात हवा खारी. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे वाळलेला कपडाही संध्याकाळी दमट लागतो. लहान मुलांची दुपटी आणि लंगोट शेगडीवर पाटी उपडी घालून तिच्यावर वाळवायचे. एक सोय मात्र पाऊसच करी. पागोळ्यांखाली हंडे लावले की मऊ पाणी मिळे, त्यात थोड्या साबणालाही फेस येई. अर्थात तेही गाळूनच.

चातुर्मासात आजीचं सगळं लक्ष दगडाकडे असे. धुणं झालं की दगड आणि मोरी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची. शेवाळ एकदा आलं की त्यात अनंत जीव, मग ते खरवडायचं नाही आणि त्यावर पायही द्यायचा नाही. त्यापेक्षा ते येऊच द्यायचं नाही. या नियमामुळे मोरीत घसरून पडणंही वाचे, हा वेगळा लाभ. भिजवलेले कपडे रात्रभर ठेवायचे नाहीत, ओला पिळा तसाच टाकायचा नाही, हेही त्याच जयणेतलं.

चौदसची सुट्टी

आठम-चौदसला धुणं काढायचं नाही, ही चाल अनेक घरांत होती. काही घरांत बीज, पाचम, आठम, अगियारस, चौदस या पाचही तिथी पाळत, म्हणजे दोन्ही पक्ष मिळून महिन्याचे दहा दिवस. पर्युषणाचे आठ दिवस तर मोठं धुणं बंदच. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव आहेत, त्यांना निदान त्या दिवशी अभय, असा भाव.

पण याची दुसरी बाजूही होती. वर्षभर ज्या कामाला रविवार नव्हता, त्या कामाला तिथीने सुट्टी दिली. त्या दिवशी सुनेला सामायिकाला वेळ मिळे, हाताच्या चिरा भरून येत. दुसऱ्या दिवशी दुप्पट ढीग असे, हेही तितकंच खरं, आणि संवत्सरीनंतरच्या धुण्याची तर बायकांना धास्तीच. तरी सुट्टी ती सुट्टी.

याच किनाऱ्यावर आणखी एका समाजाची अशीच सुट्टी होती. बेने इस्रायली लोकांचा इथला जुना धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांचं नावच शनिवार तेली पडलं. धर्म वेगळा, पण आठवड्यातला एक दिवस हाताला विसावा देण्याचं काम दोन्हीकडे धर्माने केलं. माणसांनी आपण होऊन तो घरच्या बायकांना दिला असता का, हा विचार मनात येतोच.

कोणी धुतलं, कोणाला धुऊ दिलं नाही

आता थोडं अवघड. बाजूला बसलेल्या बाईने आपले कपडे आपणच, वेगळ्या ठिकाणी, कुणाच्या नजरेला न पडता धुवायचे आणि दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळवायचे. ज्या कापडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ऊन मिळत नसे. पावसाळ्यात ती ओली कापडंच पुन्हा वापरावी लागत. खाज, पुरळ, दुखणी बायका सहन करत आणि बोलत नसत. ज्याने त्याने आपल्या घरची रीत पाळावी, पण त्या कापडाला ऊन नाकारायला कुठल्याही शास्त्राने सांगितलेलं नाही. आपल्या मुलींना हे मोकळेपणाने सांगायला हवं.

बाळंतिणीचे आणि आजाऱ्याचे कपडे बहुधा परटाकडे किंवा मोलकरणीकडे जात. परीट बारा बलुतेदारांतला. आपला मळ त्याच्या हातांनी निघाला आणि समाजात मान मात्र त्याला मिळाला नाही. ज्यांनी हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली, ते गाडगेबाबा (१८७६–१९५६) याच परीट समाजात जन्मले.

आणि काहींना तर पाण्याजवळच येऊ दिलं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं महाडचं चवदार तळं. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं ठरवलं, पण ते सगळं कागदावर राहिलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांसह त्या तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर लोकांना मारहाण झाली आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी, १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच, बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात लुगडं कसं नेसावं आणि स्वच्छ कसं राहावं हा विषय मुद्दाम घेतला होता. पाणी अडवायचं आणि मग मळके म्हणून हिणवायचं, हा अन्याय केवढा, हे रोज धुणं धुणाऱ्या बाईला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवासाठी गळणं धरणाऱ्या समाजाने समोर दिसणाऱ्या माणसाच्या तहानेचा किती विचार केला, हा प्रश्न आपणही आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावा.

आराम कोणी दिला?

आपण म्हणतो, मशिनने बायकांना सोडवलं. क्रम नीट पाहिला तर मशीन शेवटी आलं. आधी कापड बदललं. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन-टेरिकॉट आलं, जे कमी पाणी पितं आणि पावसाळ्यातही वाळतं. नऊवारीची सहावारी झाली. मग पावडर आली. सर्फ १९५९ मध्ये, आणि १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घरच्या अंगणात सुरू केलेली निरमा. तिच्या स्वस्ताईने पावडर साध्या घरांत पोचली. डिटर्जंट जड पाण्यातही फाटत नाही, म्हणून आपल्या मचूळ विहिरींच्या गावांना त्याचं महत्त्व अधिक. स्वस्त पावडरींत सोडा जास्त असे, हात सोलवटत, पण आपटणं कमी झालं. मग विहिरीवर पंप आणि घरात नळ आला. तेव्हा त्या साडेतीन किलोमीटर दोरातून बाई खऱ्या अर्थाने सुटली. मशीन १९८० च्या दशकात भारतीय कंपन्या करू लागल्या, आणि आजही देशात जेमतेम पाचातल्या एका घरात ते आहे.

अमेरिकेच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. यंत्रं आली तरी घरच्या बाईचे तास फारसे का घटले नाहीत, हा त्याचा विषय. त्यांचं म्हणणं असं, की यंत्राबरोबर स्वच्छतेची अपेक्षाही वाढली आणि जे काम पूर्वी धोबी, मोलकरीण वाटून घेत, ते एकट्या गृहिणीवर आलं. आपल्या घरात पाहा. पूर्वी दोन जोड कपडे आठवडाभर पुरत. आता मुलं दिवसात तीनदा बदलतात आणि एकदा घातलेला टी-शर्ट धुण्यात टाकतात. मशीन धुतं खरं, पण गोळा करणं, वेगळं करणं, वाळत घालणं, घडी, कपाट हे सगळं अजून बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचं.

पाण्याचाही हिशेब ठेवावा. वरून कपडे घालायचं मशीन एका धुण्याला साधारण शंभर लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी घेतं, समोरून घालायचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. चार कपड्यांसाठी मशीन लावणं म्हणजे श्रावकाच्या आठव्या व्रतातला अनर्थदंडच, गरज नसताना केलेली हिंसा.

बऱ्याच जणी विचारतात, मशीन थेट नळाचं पाणी घेतं, मग अळगण पाण्याचं काय? काही घरांत टाकीच्या तोंडाशी किंवा नळाला गळणं बांधतात. काही जणी सेमी ऑटोमॅटिक पसंत करतात, कारण त्यात गाळलेलं पाणी बालदीने घालता येतं आणि हिसळलेलं शेवटचं पाणी पुढच्या मळक्या घाण्याला वापरता येतं. मशीन भरेल तेव्हाच लावावं, तिथीला सुट्टी द्यावी, पावडर मोजून घालावी, आणि वाळत घालण्याचं काम घरातल्या पुरुषांना आणि मुलांना वाटून द्यावं. आणि समुद्राकाठच्या दमट हवेत मशिनच्या रबरी कड्यात पाणी साचून काळी बुरशी येते, तेव्हा धुणं झालं की कडं कोरड्या फडक्याने पुसायचं आणि झाकण उघडं ठेवायचं. आजी दगड पुसायची तो याच कारणाने.